सोया चंक्स, सोया मिल्क आणि थायरॉइडची गोळी: डोंबिवलीच्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीला राहता, घर शाकाहारी. मुलगा १९ वर्षांचा, जिमला लागल्यापासून रोज मोठा वाडगाभर सोया चंक्स खातोय. सासूबाई म्हणतात पोराला हे देऊ नकोस, छाती बायकांसारखी होते आणि वर गरमही पडतं. तुम्हाला स्वतःला थायरॉइडची गोळी चालू आहे, दुधाने पोट बिघडतं म्हणून सोया मिल्क आणलंत तर त्यानेही पोट फुगतंय, आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणाली की थायरॉइडवाल्यांनी सोयाला हातच लावायचा नाही. तर आता घरातून सोया बंदच करून टाकू का, असं विचारलंय.

मी दादरला आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं बसते, आणि तुमच्यासारखं घर माझ्याकडे दर आठवड्याला येतं असं म्हटलं तरी चालेल. एका घरात तीन जणांच्या तीन तक्रारी असतात आणि सगळ्यांना मिळून एकच "हो" किंवा "नाही" हवं असतं. ते मला देता येत नाही. मुलाच्या बाबतीत प्रश्न आहे किती खायचं, तुमच्या गोळीच्या बाबतीत प्रश्न आहे कधी खायचं, आणि तुमच्या पोटाच्या बाबतीत कुठल्या रूपात आणि कसं शिजवून. माझ्याकडे सोयाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोळ प्रमाणाचा किंवा शिजवण्याचा निघतो, हार्मोनपर्यंत जायची वेळच येत नाही.

मुलापासून सुरू करू, कारण तुमची खरी धास्ती तीच दिसतेय.

ही छातीची भीती हवेतून आलेली नाही. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात, जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यातली मुख्य. त्यांची रचना इस्ट्रोजेनशी, म्हणजे बायकांच्या हार्मोनशी, थोडी जुळते, म्हणून त्यांना फायटोइस्ट्रोजेन म्हणतात, आणि हे नाव ऐकलं की पुढचं सगळं लोक स्वतःच जुळवतात. पण शरीरात ती इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी कमजोर पडतात आणि सगळीकडे इस्ट्रोजेनसारखी वागतही नाहीत. पुरुषांवर झालेले बरेच अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये तपासले गेले, मग २०२१ मध्ये आणखी अभ्यास घालून परत तपासले गेले, दोन्ही वेळेला टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषांच्या हार्मोनवर, फरक दिसला नाही. मग छाती वाढल्याची गोष्ट कुठून आली, तर २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका साठीच्या गृहस्थांची केस छापून आली होती, त्यांची छाती खरंच वाढली होती आणि दुखत होती. ते दिवसाला जवळजवळ तीन लिटर सोया मिल्क पीत होते. तीन लिटर! बंद केल्यावर बरेही झाले. आता तीन लिटर कुठलीही गोष्ट रोज प्यायली तर काही ना काही होणारच.

त्यामुळे सासूबाईंना सांगताना "तुम्हाला काही कळत नाही" असं नको. "आई, तो माणूस तीन लिटर पीत होता, आपला वाडगाभर भाजी खातोय" असं सांगा, हे त्यांना पटेल. आणि १३-१४ व्या वर्षी पुष्कळ मुलांना छातीत गाठीसारखं लागतं, ते वयात येण्याचं असतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं, त्याचा सोयाशी संबंध नाही. १९ व्या वर्षी नव्याने असं काही दिसलं तर मात्र डॉक्टरकडे जायचं, आणि जाण्याआधी एक गोष्ट बघायची, जिममध्ये ट्रेनर डब्यातून काय देतोय. लेबल नसलेली पावडर, "बाहेरून आलंय" म्हणून दिलेल्या गोळ्या, इंजेक्शनं, याची मला सोयाच्या हजारपट जास्त भीती वाटते. आया चंक्सबद्दल विचारतात आणि त्या डब्याबद्दल कोणी विचारत नाही.

आता प्रमाण. चंक्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लिहिलेलं असतं, ते खरं आहे, पण ते कोरड्या चंक्सचं आहे. भिजवल्यावर चंक्स पाणी पिऊन अडीच-तीनपट जड होतात. म्हणजे मुलगा शिजवलेली १०० ग्रॅम भाजी ताटात मोजून ॲपमध्ये ५२ ग्रॅम प्रोटीन भरत असेल तर तिथे खरं १७ ते २० ग्रॅमच आहे. आणि उलटंही होतं. लालबागचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, तो रोज कोरडे २०० ग्रॅम भिजवून दोन वेळात संपवायचा, भात नाही, चपाती नाही, डाळ नाही, आणि तक्रार काय तर पोट साफ होत नाही आणि गॅसमुळे लोकलमध्ये उभं राहायची लाज वाटते. होणारच की. चंक्समध्ये फॅट जवळजवळ नाही, फायबर मात्र १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या आसपास, आणि हा पठ्ठ्या पाणी प्यायचा दोन बाटल्या.

आपल्याकडे आयसीएमआर आणि एनआयएन या सरकारी वैद्यकीय आणि पोषण संशोधन संस्थांनी २०२० मध्ये मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज असं सांगितलंय. तुमचा मुलगा समजा ६५ किलोचा असेल तर ते ५४ ग्रॅम होतं. नियमित वजनं उचलतो म्हणून किलोमागे १.२ ते १.६ धरलं तर ७८ ते १०४. आता हे सगळं चंक्समधून कशाला काढायचं? कोरडे ५० ग्रॅम घेतले तर २६ ग्रॅम मिळाले. बाकीचं दोन वेळची डाळ किंवा उसळ, दही, पनीर, शेंगदाणे, चपाती-भाकरी यांतून येतं. आपल्या चपातीतही प्रोटीन असतं हे जिमवाले विसरतात. शिवाय सोयाच्या प्रोटीनमध्ये मेथिओनिन नावाचं अमिनो ॲसिड (प्रोटीनचा एक घटक) जरा कमी असतं आणि धान्यात ते बऱ्यापैकी असतं, म्हणून चंक्सची भाजी भाकरीबरोबर खाल्ली की हिशोब चांगला बसतो, नुसते उकडलेले चंक्स वाडग्यात घेऊन चावत बसण्यात काही शहाणपणा नाही. तर माझ्याकडून मुलाला कोरडे ४० ते ५० ग्रॅम, आठवड्यातून चार-पाच दिवस, बाकी दिवशी दुसरं काहीतरी. रोज खाल्लं तर विष होतं असं नाही, पण एकाच पदार्थावर पोरगं अडकलं की बाकी ताट रिकामं होतं, हे मी फार बघितलंय. किडनीचा काही जुना त्रास असेल किंवा क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर हे आकडे बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला विचारा.

"गरम पडतं" याबद्दल. माझं आजोळ लातूरकडचं. तिकडे सोयाबीनची शेतंच्या शेतं, पण जुनी माणसं घरात सोयाबीन शिजवत नाहीत, पीक निघालं की थेट मोंढ्यात. तेल गाळून उरलेली पेंड जनावराला आणि कोंबड्यांना जाते, त्यामुळे माझी मामी अजून म्हणते की ढोराचं खाणं तुम्ही शहरात विकत घेऊन खाता. तिला मी काय बोलणार, चंक्स तेल काढलेल्या सोया पिठापासूनच होतात, फक्त ते खाण्याच्या दर्जाचं असतं आणि उष्णता आणि दाब देऊन मशीनमधून काढलेलं असतं. आपल्याकडे सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिकायला लागलं तेच १९६० च्या दशकाच्या शेवटी, पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांच्या कामातून, त्यामुळे आजीच्या हातची सोयाबीनची उसळ असा प्रकार आपल्याकडे नाहीच. तसं १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले होते, पण ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलं नाही. म्हणून पदार्थ माहीत नाही, शिजवायची रीत माहीत नाही, मग खाल्ल्यावर पोट जड झालं, तोंड आलं, की झालं "गरम पडलं". तक्रार खोटी नसते, फक्त कारण वेगळं असतं.

ही रीत जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पोटाचा प्रश्न इथेच आहे.

सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या पचवायला लागणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नाही, मग मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. वाल-राजमा यांचंही तेच. या साखरा पाण्यात उतरतात, म्हणून अख्खे सोयाबीन असतील तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, साल चोळून काढायचं, नव्या पाण्यात कुकरला व्यवस्थित मऊ करायचं. अर्धवट शिजलेलं सोयाबीन अजिबात नको, कच्च्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रोटीन पचूच देत नाही, मळमळ-जुलाबही होतात. चंक्स उकळत्या पाण्यात मीठ टाकून दहा मिनिटं ठेवायचे, पिळायचे, परत गार पाण्यात घालून पिळायचे, असं दोन-तीनदा. पिळताना जो फेस आणि तो उग्र वास जातो ना, तो गेलाच पाहिजे. बरेच जण पाकीट फोडून चंक्स थेट रश्श्यात टाकतात आणि मग म्हणतात मुलं खात नाहीत. पिळून, मिक्सरला एक फेरा देऊन, कांदा-टोमॅटो, आलं-लसूण, गरम मसाला घालून खिमा करा आणि पावाबरोबर द्या, आमच्या घरात सोया मिल्कला नाक मुरडणारा माझा नवरासुद्धा तो खिमा परत मागतो.

आता तुमचं सोया मिल्क. दुधाने त्रास होतो तो बहुतेक लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असणार, आणि सोया मिल्कमध्ये लॅक्टोज नाही, त्यामुळे आणलंत ते चुकीचं नाही. पण सोयाबीन वाटून गाळलेलं जे पाणी तेच सोया मिल्क, आणि त्या गॅसवाल्या साखरा पाण्यात उतरतात हे वर सांगितलंच, म्हणजे त्यातला बराचसा भाग तुमच्या ग्लासात आहे. टोफू म्हणजे सोयाचं पनीर, ते करताना दूध फाडून पाणी निथळतं, त्या पाण्याबरोबर या साखरा निघून जातात, म्हणून सोया मिल्कने फुगणारं पोट टोफू बहुतेक वेळा निमूट पचवतं. माझा तुम्हाला पहिला सल्ला हाच, दोन आठवडे सोया मिल्क बंद, त्याऐवजी टोफूची भुर्जी नाहीतर टोफू घातलेली पालकाची भाजी, आणि बघा काय होतंय. सोया मिल्क हवंच असेल तर अर्ध्या कपापासून सुरू करा, सकाळी उपाशीपोटी मोठा ग्लास नको. बाजारातलं व्हॅनिला-चॉकलेटवालं नको, त्यात साखर बरीच असते, साधं बिनसाखरेचं घ्या आणि कॅल्शियम घातलंय का ते मागे वाचा. नसेल तर ते दुधाची जागा घेत नाही, प्रोटीन १०० मिलिला तीनेक ग्रॅम मिळेल पण कॅल्शियमचं काय? आणि असेल तर खोका हलवून ओता, कॅल्शियम तळाला बसतं. एक सवय करून ठेवा, चहात सोया मिल्क उकळायला टाकू नका, फुटतं. चहा उतरवल्यावर कोमट करून शेवटी घाला. तरीही दुधाच्या चहासारखा लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते, मला स्वतःला तो चहा आवडत नाही.

घरी करत असाल तर आणखी एक. भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात वाटलं की तो कच्चट, हिरवट वास येतो, लिपॉक्सिजिनेज नावाच्या एन्झाइममुळे. उकळत्या पाण्यात वाटलं की ते एन्झाइम मरतं आणि वास खूप कमी होतो. आणि गॅसवर ठेवल्यावर फेस लवकर वर येतो, बघणाऱ्याला वाटतं उकळलं, पण खरी उकळी आलेली नसते. फेस खाली बसवून, ढवळत, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं नीट उकळायचं. घरच्या सोया मिल्कने उलट्या झाल्या असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, किती वेळ उकळलं?

गिरणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अर्ध्या डोंबिवलीत गव्हात सोयाबीन घालून दळून आणतात म्हणून सांगते. नऊ किलो गव्हाला एक किलो, त्याहून जास्त नको, चपाती वातड होते. सोयाबीन आधी मंद आचेवर साल तडकेपर्यंत भाजायचं, कच्चं दळायचं नाही. सोयाबीनमध्ये तेल १८-२० टक्के असतं, त्यामुळे नुसतं सोयाबीन दळायला दिलं की गिरणीवाला कुरकुरतो, दगड चिकट होतात, त्याचंही बरोबर आहे. गव्हात मिसळूनच द्या आणि थोडं थोडं दळून आणा, हे पीठ पावसाळ्यात लवकर खवट होतं.

आता गोळी. मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन वगैरेत जे लेव्होथायरॉक्सिन असतं ते आतड्यातून शोषलं जातं आणि सोया त्यात अडथळा आणू शकतं. म्हणजे भांडण सोयाचं आणि गोळीचं आहे, सोयाचं आणि तुमच्या थायरॉइडचं नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि सोयाचं काहीही चार तासांनंतर. तुम्ही सहाला उठून गोळी घेत असाल आणि सातची गाडी पकडायच्या घाईत सोया मिल्क पिऊन निघत असाल तर तिथे गडबड आहे. सोया दुपारच्या डब्यात किंवा रात्रीच्या जेवणात न्या, प्रश्न मिटला. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच चार तासांचा नियम, आणि माझ्या अनुभवात टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलण्याचं कारण सोयापेक्षा हे जास्त वेळा असतं, कारण डॉक्टरने तिन्ही गोळ्या लिहिल्या आणि बाई तिन्ही एकदम गिळते.

आयोडीन पुरेसं मिळत असेल तर जेवणातल्या सोयाने थायरॉइड बिघडतं असं दिसत नाही, फार तर टीएसएच किंचित वर जातो. आयोडीन कमी असेल तर मात्र काळजी घ्यायला हवी. म्हणून विचारते, घरात मीठ कुठलं वापरता? हल्ली ज्या घरात जाते तिथे सैंधव, गुलाबी मीठ, "केमिकल नको म्हणून आम्ही साधं मीठ बंद केलं" असं ऐकते, आणि त्याच घरात थायरॉइडची गोळी चालू असते. आयोडीनयुक्त मीठ परत आणा. सैंधव ताकात, उपवासाला घाला की, कोण नको म्हणतंय.

कोणाला मी स्पष्ट नाही म्हणते ते सांगून टाकते. सोयाची ॲलर्जी असेल, खाल्ल्यावर अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप, तर एक घासही नाही, आणि मग बिस्किटं, ब्रेड, सॉस सगळ्यांची लेबलं वाचायची, सोया त्यात लपलेलं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला बाजारातलं सोया मिल्क दुधाऐवजी द्यायचं नाही. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर जेवणातलं सोया वेगळं आणि आयसोफ्लेवोनच्या गोळ्या वेगळ्या, त्या गोळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

आणि मुलगा बाहेर "प्रोटीन आहे" म्हणून सोया चाप खात असेल, तर त्यात सोयाबरोबर मैदा असतो आणि मलई चापला वरून क्रीम आणि बटर, खाऊ दे कधीतरी, पण ते हिशोबात प्रोटीन म्हणून धरू नका. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस तर प्रोटीनसाठी नाहीच, एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, सासूबाईंना बीपी असेल तर त्या शेजवान राइसवर मात्र त्यांची बाजू घेऊन बोला.

तर तुम्ही आत्ता एवढं करा. मुलाचे चंक्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा कोरडे मोजा आणि तो नक्की किती खातोय ते बघा. तुमची गोळीची वेळ आणि सोयाची वेळ लांब करा, मीठ बदला, दोन आठवडे सोया मिल्कऐवजी टोफू. गोळीचा डोस स्वतःहून कमी-जास्त करू नका. सोया रोजच्या जेवणात ठेवणार असाल तर एकाच प्रमाणात ठेवा, आज भरपूर आणि महिनाभर काहीच नाही असं नको, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा, दाखवताना सोया सुरू केलंय हे सांगायला विसरू नका, कारण ते आपणहून विचारत नाहीत.